गॅस आहे, आमचा नाही

अंबरनाथ पूर्वेला पालेगावच्या रस्त्यावर आमची सात मजली सोसायटी आहे. गच्चीवर उभं राहिलं की पूर्वेला आनंदनगरच्या कारखान्यांचे दिवे, पश्चिमेकडे उल्हासनगरचा उजेड, दक्षिणेला बदलापूरचे नवे टॉवर आणि बरोबर खाली बॉक्स क्रिकेटचा टर्फ दिसतो. टर्फला चार खांब आणि प्रत्येक खांबावर लग्नाच्या मांडवात असतात तसले पांढरेशुभ्र दिवे. संध्याकाळी आठ वाजता आमच्या गच्चीवर बारीक अक्षरातला पेपर वाचता येतो. मी वाचून पाहिला आहे.

अशा जागी मी दुर्बीण घेतली, त्याला वांगणीची पिकनिक कारणीभूत झाली. मी एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत स्टोअर्स सांभाळते. आमची सगळी कंपनी वांगणीजवळच्या एका फार्महाऊसवर गेली होती आणि तिथे एका हौशी गृहस्थांनी अंगणात दुर्बीण लावून आकाश दाखवलं. बाकीच्यांनी शनीची कडी बघितली आणि जेवायला गेले. मी रेंगाळले म्हणून मला त्यांनी मृग नक्षत्र दाखवलं. ओळीत तीन तारे असतात तो बाण, आणि बाणाच्या खाली लटकल्यासारखे आणखी तीन बारीक तारे. त्यातल्या मधल्यावर त्यांनी दुर्बीण नेली. मी डोळा लावला. आत राखाडी, मऊ, पंख पसरल्यासारखं काहीतरी होतं. थंडीत आरशावर श्वास सोडला की उमटतं ना, तसं.

"हे काय आहे?"

"तेजोमेघ. वायूचा ढग आहे. त्यात तारे जन्माला येतात."

मी जेवायला सगळ्यात शेवटी पोचले. भरीत संपलं होतं, पण मला त्याचं काही वाटलं नाही, आणि हे मी लिहून ठेवते आहे कारण भरीत संपल्याचं मला नेहमी वाटतं.

त्या वर्षी मुलगी शिकायला पुण्याला गेली होती. माझे मिस्टर केमिकल कंपनीत ऑपरेटर आहेत, त्यांची बहुतेक दुसरी पाळी. संध्याकाळी घरात मी आणि टीव्ही. हिवाळा सुरू होता होता मी दुर्बीण मागवली, गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला लावली. चंद्र छान दिसला. गुरूचे चार चंद्रही दिसले. तेजोमेघ मात्र नाही. जिथे पंख हवे होते तिथे करडी पाटी आणि पाटीवर चार टोकदार ठिपके, संपलं. आमच्या आकाशाचाच उजेड इतका की त्यात तो ढग विरघळून गेला होता.

मग मी फिल्टरबद्दल वाचलं. फिल्टर म्हणजे मोठ्या बटणाएवढी काच. आपण डोळा लावतो त्या भिंगाच्या नळीला ती खालून फिरवून बसवायची. तेजोमेघातला वायू ठरावीक रंगांचाच प्रकाश देतो. आपल्या डोळ्याला त्यातला निळसर हिरवा जाणवतो. काच तेवढा आत सोडते आणि बाकीचा बाहेरच थांबवते. ढग उजळ होत नाही, त्याच्याभोवतीचं आकाश काळं होतं, म्हणून तो दिसायला लागतो. मला हे फार आवडलं. स्टोअर्समध्येही मी हेच करते. दारात दहा जण येतात, चलन असेल तो आत येतो.

आमच्याकडे कुठलीही वस्तू आधी उल्हासनगरला शोधायची पद्धत आहे. मी रविवारी तिथल्या कॅम्पातल्या बाजारात गेले. एका दुकानात गॉगल, मोटारसायकलचे आरसे, हेल्मेटच्या काचा असं सगळं होतं. गल्ल्यावर सिंधी शेटजी होते. मी सांगितलं, "रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड अडवेल आणि गॅसचा उजेड आत सोडेल अशी काच पाहिजे."

ते बिलकूल दचकले नाहीत. "मिलेगा. किती डझन?"

"एकच."

त्यांनी मागे वळून हाक मारली, वरून खोका उतरवून घेतला आणि कागदात गुंडाळलेली एक चौकोनी, काळपट हिरवी काच माझ्यापुढे ठेवली. "ये लो ताई. कोई भी लाईट हो, रोक देगा. गॅरंटी."

"आणि गॅसचा उजेड?"

"अरे, गॅस वेल्डिंगचीच तर काच आहे ही!"

मी ती घरी आणून चिकटपट्टीने भिंगाला लावली. टर्फ दिसेना. आनंदनगर दिसेना. मृग नक्षत्रही दिसेना. शेटजींच्या शब्दाला जागणारी काच होती.

खरा फिल्टर शेवटी ऑनलाईन मागवला. कानातल्यांच्या असते तेवढ्या डबीतून आला. समोरून पाहिला तर आरसा, तिरका धरला तर जांभळट. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की जुन्या पिवळ्या दिव्यांचा उजेड हा फिल्टर उत्तम अडवतो, पण पांढऱ्या एलईडीच्या उजेडात सगळेच रंग असल्यामुळे तो पुरता अडत नाही. आमच्या रस्त्यावरचे पिवळे दिवे काढून तिथे पांढरे बसवल्याला जेमतेम दोन महिने झाले होते. तेव्हा कोणीतरी पेढेसुद्धा वाटले होते आणि मी दोन खाल्ले होते.

कागदावर आणखी एक सूचना होती. डोळ्यांना किमान वीस मिनिटं अंधार द्या. आमच्या गच्चीवर अंधार नव्हता, तो बरोबर न्यावा लागणार होता. मी बेडरूमच्या खिडकीचा जाड काळा पडदा काढला आणि तो दुर्बिणीसकट डोक्यावरून घेऊन स्टुलावर बसले. त्या अवस्थेत मी बाहेरून कशी दिसत होते ते मला माहीत नाही. टाकीतलं पाणी बघायला आलेला वॉचमन जिन्याच्या दारापर्यंत आला आणि पाणी न बघताच खाली गेला, एवढं ऐकू आलं.

जानेवारीची कोरडी, स्वच्छ संध्याकाळ होती. मृग आनंदनगरच्या चिमण्यांच्या बराच वर आलेला. वीस मिनिटं मी डोळे मिटून पडद्यात बसले. मग भिंगाला डोळा लावला.

ढग होता. वांगणीइतका नाही, पण होता. पाटी काळी झाली होती आणि त्या चार ठिपक्यांभोवती हिरवट, धुरकट पंख उघडले होते, एका बाजूचा लांब, दुसऱ्या बाजूचा तुटका. माझ्याच घरावर. मी किती वेळ बघत राहिले कोण जाणे. माझे डोळे भरून आले आणि ते पुसून परत बघावं लागलं. असं काही झालं की माणसाला कोणालातरी सांगावंसं वाटतं. मिस्टर ड्युटीवर, मुलगी फोन उचलेना. मी पडद्याच्या आतच फोनचा उजेड कमी करून सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं:

"नमस्कार. आत्ता आपल्या गच्चीवरून आनंदनगरच्या वरच्या बाजूला वायूचा ढग अतिशय स्पष्ट दिसतो आहे. रंग हिरवट. बराच पसरलेला आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी लवकर वर यावे."

फोन खिशात टाकला आणि परत भिंगाला डोळा लावला.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांना सांगायला हवं की इथे वास आला की लोक आधी खिडकी लावतात आणि मग बोलतात. पण त्या क्षणी हे माझ्या डोक्यात आलंच नाही. खालून खिडक्या आपटल्याचे आवाज यायला लागले. मला वाटलं वारा सुटला. मग टर्फवरचा आरडाओरडा एकदम थांबला आणि दिवेही गेले. समोरच्या बिल्डिंगमधले दिवे गेले. आमचे जिन्यातले गेले. नंतर कळलं की कोणीतरी ग्रुपवर टाकलं होतं, गॅस असताना कोणी दिवा चालू ठेवू नका, ठिणगी उडते. तो मेसेज शेजारच्या दोन सोसायट्यांत आणि तिथून टर्फवाल्याकडे गेला होता.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला फक्त एवढंच दिसत होतं की ढग वाढतोय. पंख लांबत चालले होते, त्यांच्यात आता घड्या दिसत होत्या, मधोमध एक काळी खाच होती. फिल्टर आणि अंधार यांची गाठ पहिल्यांदाच पडली होती. मी आनंदाने दुसरा मेसेज टाकला:

"आता तर दुप्पट मोठा झाला आहे! डोळ्यांचं पारणं फिटलं."

यातलं दुसरं वाक्य लोकांनी डोळ्यांची जळजळ होते आहे असं वाचलं.

सगळ्यात आधी वर आल्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. या पालेगावच्याच. आमच्या इमारती आहेत तिथे त्यांची भातशेती होती, जमिनीच्या बदल्यात त्यांना फ्लॅट मिळालेला. नाकातोंडावर ओला टॉवेल धरून, जिना चढून धापा टाकत त्या माझ्यापाशी आल्या आणि त्यांनी पडदा वर केला.

"काय गो, कुठं हाय गॅस?"

"इथे. आत."

त्यांनी टॉवेल न सोडता दुर्बिणीत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग टॉवेल जरासा खाली घेऊन हवा हुंगली, एकदा पूर्वेकडे, एकदा दक्षिणेकडे. काकूंना वासावरून कारखाना ओळखता येतो, हे सगळ्या सोसायटीला माहीत आहे. आंबट वास कोणाचा, सडक्या अंड्याचा कोणाचा, गोडसर कोणाचा, सगळं पाठ.

"दिसतो तं हाय," त्या म्हणाल्या. "पन वास नाय. असला बिनवासाचा गॅस मी बगलेला नाय. कोन सोडतं?"

"कोणी सोडत नाही काकू. तो आकाशातला आहे. त्यातून तारे तयार होतात."

काकूंनी पुन्हा डोळा लावला. "आनि लोकं खाली पलतान कशाला?"

तेव्हा मी पहिल्यांदा कठड्याशी जाऊन खाली पाहिलं. गेटबाहेर रस्त्यावर निम्मी सोसायटी उभी होती, तोंडाला रुमाल, कोणाच्या हातात पासबुकांची पिशवी, एका बाईंच्या हातात कुकर. मी ग्रुप उघडला. माझे दोन मेसेज आणि त्याखाली एकशे सहा उत्तरं.

मी घाईघाईने लिहिलं, "घाबरू नका, हा गॅस फार लांबचा आहे." त्यावर लगेच उत्तर आलं, "वारा कुठल्या दिशेला आहे?"

सेक्रेटरी वर आले. डोक्याला हेल्मेट, तोंडाला ओला रुमाल. ते पोस्टातून निवृत्त झालेले आहेत आणि प्रत्येक गोष्ट लेखी असावी असं त्यांना वाटतं. मी त्यांना दहा मिनिटं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, मला पटतंय. पण मी सेफ्टीवाल्याला फोन करून बसलोय. आता तो येईपर्यंत गॅस असू द्या."

हा सेफ्टीवाला म्हणजे एका कंपनीतला सेफ्टी ऑफिसर, सेक्रेटरींच्या ओळखीचा. मोटारसायकलवरून आला, कमरेला वायू मोजायचं यंत्र, हातात क्लिपबोर्ड. त्याने गच्चीच्या चारही कोपऱ्यांत यंत्र फिरवलं. यंत्र गप्प राहिलं. मग त्याने दुर्बिणीत पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला.

"हे तर आहे की," तो म्हणाला.

"अहो, तो तेजोमेघ आहे. मृग नक्षत्रातला."

"ताई, ते काहीही असो. कॉल आला आणि मला दिसलं, आता फॉर्म भरावाच लागतो." त्याने पेन काढलं. "रंग?"

"तसा हिरवट. पण तो फिल्टरमुळे जरा जास्त हिरवा वाटतो."

"हिरवट. वास?"

"नाय," काकू म्हणाल्या.

"वायूचं नाव माहीत आहे?"

"मुख्यतः हायड्रोजन. थोडा ऑक्सिजन."

त्याने पेन थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "हायड्रोजन? ताई, हे तर डेंजर आहे." लिहिलं. "इथून अंतर?"

"तेराशे प्रकाशवर्षं."

"किलोमीटरमध्ये सांगा."

मी सांगायचा प्रयत्न केला. त्याने रकाना दाखवला, त्यात तीन आकडे मावत होते. त्याने 'लांब' असं लिहिलं.

"कधीपासून चालू आहे?"

"आपण आत्ता बघतोय तो प्रकाश तेराशे वर्षांपूर्वी निघालेला आहे. ढग त्याच्याही खूप आधीपासून आहे."

"म्हणजे जुनी केस." तो जरा सैलावला. "आधी कोणी तक्रार केली होती?"

"तक्रार नाही. पण लोकांनी पाहिलाय, त्याच्या नोंदी आहेत."

"बघा, नोंदी आहेत आणि ॲक्शन नाही." त्याने मान हलवली. खाली शेऱ्याचा रकाना होता. तिथे त्याने जपून, एकेक अक्षर काढत लिहिलं: 'गॅस आहे. आमच्या कंपनीचा नाही.' सही केली, सेक्रेटरींची सही घेतली, माझीही घेतली आणि एक प्रत सेक्रेटरींना दिली. काकूंनी अंगठा देऊ का म्हणून विचारलं, तर म्हणाला, गरज नाही. जाताना त्याने आणखी एकदा दुर्बिणीत पाहिलं, यावेळी हेल्मेट काढून. "सुंदर आहे पण," तो हळूच म्हणाला, "आमच्यात असला रंग आला तर आम्ही पळतो."

माझे मिस्टर ड्युटीवरून आले तेव्हा वॉचमनने त्यांना गेटावर अडवलं आणि ओला रुमाल दिला. "साहेब, आनंदनगरकडून गॅस आलाय."

"मी आनंदनगरकडूनच येतोय," ते म्हणाले. "तिथे काही नाही."

"म्हणजे सगळा इकडेच आला," वॉचमन म्हणाला.

वर आल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं की बेडरूमचा पडदा कुठे गेला.

मला वाटलं होतं दोन दिवसांत सगळं हसण्यावारी जाईल. पण सेक्रेटरींकडे आता सह्यांचा कागद होता आणि त्यांनी तो नोटीस बोर्डावर लावला. 'गॅस आहे' हे दोन शब्द लोकांनी तेवढे वाचले. रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग बोलावली. बी विंगच्या एका गृहस्थांचं म्हणणं, ही गोष्ट बाहेर जाऊ देऊ नका, फ्लॅट विकायचेत. एका वहिनींना शांत करायची होती, ग्रहांची असते तशी. मी तीनदा उभी राहून तेराशे प्रकाशवर्षं सांगितली. लोक मान डोलवत होते. त्यांना माझं म्हणणं पटत होतं, पण कागदावर वेगळं लिहिलेलं होतं.

शेवटी असं ठरायला लागलं की गच्चीवर टाकीच्या खांबाला दोनशे वॉटचा एलईडी फ्लडलाईट लावायचा, म्हणजे गॅस आला की लगेच दिसेल. मी ताडकन उठले.

"अहो, दिवा लावला तर तो अजिबात दिसणार नाही!"

सेक्रेटरींनी चष्मा काढला. "परत सांगा."

"उजेड वाढला की ढग दिसेनासा होतो. अंधार झाला की दिसतो."

"त्या दिवशी सगळ्यांनी दिवे बंद केले," सेक्रेटरी विचार करत म्हणाले, "आणि तुम्हीच लिहिलंत, दुप्पट मोठा झाला."

"हो."

"म्हणजे दिवा लावला की गॅस जातो."

यात चूक नेमकी कुठे आहे ते मला माहीत होतं, पण एका वाक्यात सांगता येईना. तोवर हात वर झाले होते. ठराव एकमताने पास झाला. माझं मतही त्यात धरलं गेलं, कारण मी उभी होते.

बुधवारी दिवा बसला. संध्याकाळी कमिटी गच्चीवर जमली. सेक्रेटरींच्या सांगण्यावरून मी दुर्बीण मृगावर लावली, फिल्टर बसवला. दिवा बंद असताना पाहिलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "आहे." मग बटण दाबलं. टाकी, कठडा, माझे हात, सगळं चुन्यासारखं पांढरं झालं.

"आता?"

मी भिंगात पाहिलं. बाजूने येणाऱ्या उजेडाने भिंगच चमकत होतं. "नाही दिसत."

टाळ्या पडल्या. कोणीतरी खरंच माझ्या हातात हात दिला. काकू मागे उभ्या होत्या. त्या पुढे येऊन माझ्या कानाशी म्हणाल्या, "पडदा घे गो डोस्क्यावर, दिसंल."

दिसत होता. काळा पडदा, वर उघडी छत्री आणि फिल्टर, अशा सगळ्या सरंजामात तो पुसट का होईना, दिसत होता. पण हे मी कोणाला सांगितलं असतं तर दुसरा दिवा लागला असता. त्यामुळे पुढचे काही आठवडे मी चोरून पाहत होते. काकू छत्री धरायला यायच्या. वॉचमनला आम्ही सांगितलं होतं की आम्ही पापड वाळवायला जातो. संध्याकाळी आठला पापड कसे वाळतात, असं त्याने विचारलं नाही. वरचा दिवाच तसा होता.

मग एका शुक्रवारी वीज गेली. शुक्रवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी जातेच, पण पाचपर्यंत येते. त्या दिवशी आठ वाजले तरी आली नाही. अख्खा पट्टा काळा होता. टर्फ, पालेगाव, समोरचे टॉवर, सगळीकडे अंधार. आणि आमचा गॅसवरचा दिवाही अर्थातच बंद.

मी गच्चीवर पोचले तेव्हा तिथे तीस-चाळीस माणसं आधीच उभी होती, गॅस आला का बघायला. त्यांच्या डोक्यावर मी आमच्या गच्चीवरून कधीच पाहिले नव्हते इतके तारे होते, पण वर कोणी बघत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते.

"मॅडम, बघा लवकर," सेक्रेटरी म्हणाले.

मी दुर्बीण लावली आणि म्हटलं, "आलाय. एकेकाने या."

रांग लागली. फ्लॅट विकायचे होते ते गृहस्थ नाकाला रुमाल लावून आले, पाहिलं, आणि रुमाल खिशात ठेवून परत रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. शांतवाल्या वहिनींनी नमस्कार केला. कोणी म्हणालं, गरुडासारखा आहे. कोणी म्हणालं, सांडलेल्या दुधासारखा. मी फिल्टर काढून दाखवला, घालून दाखवला. काढला की ढग धूसर पण तारे पुष्कळ, घातला की तारे मंद आणि ढग ठसठशीत. दोन्ही बघायला लोक परत परत येत होते. बोलणं हळूहळू कमी झालं. त्या गच्चीवर इतकी शांतता मी मीटिंगमध्ये सोडाच, राष्ट्रगीताच्या वेळीही अनुभवली नव्हती.

सेक्रेटरी सगळ्यांत शेवटी आले. भिंगाशी वाकून बराच वेळ तसेच राहिले.

"हा हलत नाही," ते म्हणाले.

"नाही."

"मोठा किती असेल?"

"आपला सूर्य आणि सगळे ग्रह त्यात कुठे गेले ते सापडणार नाहीत."

ते सरळ उभे राहिले. अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता. "आणि आपण दोनशे वॉटचाच लावलाय," ते खालच्या आवाजात म्हणाले.

तेवढ्यात वीज आली. दिवा भस्सकन पेटला, टर्फ पेटला, टॉवर पेटले. सवयीने दोन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या आणि मग थांबवल्या. फ्लॅटवाल्या गृहस्थांची दुसऱ्यांदा पाळी यायची राहिली होती. ते म्हणाले, "जरा बंद करा ना तो, दोन मिनिटं."

त्यानंतर बोर्डावर नवी नोटीस लागली. दर शुक्रवारी आठ ते साडेआठ गॅसची खात्री करण्यासाठी गच्चीवरील दिवा बंद ठेवण्यात येईल, रहिवाशांनी रांगेत यावे. मी आणि सेक्रेटरींनी मिळून ती लिहिली. 'गॅस' शब्द बदलून 'तेजोमेघ' करू या, असं मी म्हटलं होतं. ते म्हणाले, मग कोणी येणार नाही.

एप्रिल आला. मृग आता संध्याकाळी पश्चिमेला कलायला लागला होता. सेक्रेटरींनी एका शुक्रवारी काळजीने विचारलं, "कुठे चाललाय तो?"

"मावळतोय. उल्हासनगरच्या बाजूला उतरतोय."

त्यांचे साडू उल्हासनगरला एका सोसायटीत राहतात. आमच्या नकळत सेक्रेटरींनी त्या सोसायटीला लेटरहेडवर रीतसर पत्र पाठवलं: आमच्या येथील गॅस आपल्या दिशेने सरकत असून तो निरुपद्रवी आहे, तरी आपल्या माहितीसाठी.

आठवड्याने मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. त्या सोसायटीचे चेअरमन बोलत होते, सिंधी गृहस्थ. "ताई, वो आपका गॅस पहुंचा क्या? आम्ही तीन लाईट लावले वर, काही दिसत नाही."

मी म्हटलं, "मग काळजी करू नका. लाईटमुळे तो जातो."

"नहीं नहीं ताई, जाने का नहीं है!" ते कळवळून म्हणाले. "बघायचा आहे. पूरी बिल्डिंग ऊपर खडी है. साडूसाहेब म्हणाले, फार छान आहे."

मी त्यांना आधी तिन्ही दिवे बंद करायला सांगितलं. मग डबीतला फिल्टर पर्समध्ये टाकला, पडदा घेतला, दुर्बिणीची नळी काखेत मारून खाली आले आणि रिक्षा थांबवली. काकू आधीच स्टँड घेऊन आत बसल्या होत्या, त्यांना कोणी सांगितलं ते मला अजून कळलेलं नाही.

रिक्षावाल्याने आरशातून त्या पांढऱ्या नळीकडे पाहिलं. "गिझर आहे का?"

मी हो म्हटलं. मृग झपाट्याने खाली चालला होता आणि आम्हाला अजून अर्धं अंबरनाथ पार करायचं होतं.